आधी पाणी पाहा, मग पंथ विचारा

मी मालगाडीचा गार्ड होतो, भुसावळ मुख्यालयाचा. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात; आमच्या गल्लीत मात्र मी अजून गार्डकाकाच. मालगाडीला कुणी विचारत नाही. मेल-एक्सप्रेस पुढे काढायची म्हणून तिला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकतात, आणि मग रावेरच्या केळीबागांच्या कडेला नाहीतर नंदुरबारच्या अलीकडे एखाद्या लहान स्टेशनाबाहेर ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डाच्या डब्याच्या, पायरीवर बसून राहायचं. पाखरं, झाडं, आभाळ यांची ओळख मला त्या पायरीवर झाली. त्यांच्याशी वागायचं कसं, ते शेजाऱ्यांनी शिकवलं. रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या एका भिंतीपलीकडे ख्रिस्ती कुटुंब, दुसऱ्या बाजूला फिटर चाचा, समोर बौद्ध मंडळी, बाजाराच्या वाटेवर जैनांचं स्थानक, म्हणजे त्यांचं धर्मस्थान. आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी, आणि आई मुक्ताईची वारकरी.

हल्ली तरुण मुलं विचारतात, "काका, झाडं-डोंगर आवडतात, पण एकाच धर्मात मन रमत नाही. सगळीकडचं थोडं थोडं घेता येईल का?" येईल की. फक्त पद्धत हवी. नाहीतर भिंतीवर बुद्धाचं चित्र, गाडीत ओम आणि मोबाइलवर कव्वाली, एवढ्यावरच सगळं अडतं. माझी पद्धत साधी आहे. आधी एक वस्तू धरायची: पाणी, चंद्र, पाऊस किंवा झाड. ती आपल्या डोळ्यांनी महिनाभर पाहायची. मग आपल्या आसपासचे कोणते लोक त्या वस्तूशी कोणत्या शिस्तीनं वागतात, ते त्यांच्याकडे जाऊन विचारायचं. तत्त्वज्ञान उसनं घेऊ नका, शिस्त उसनी घ्या. तत्त्वज्ञान त्या शिस्तीच्या मागून येतं, किंवा येत नाही, दोन्ही चालतं.

पाण्यापासून सुरुवात

घरातल्या नळापासून मागे मागे जा आणि उगमापर्यंतची नावं एका कागदावर लिहा. जळगावकराला विचारलं की तो वाघूर धरणाचं नाव सांगतो. वाघूर येते कुठून? अजिंठ्याच्या डोंगरातून. ज्या दरीच्या कड्यात भिक्खूंनी लेणी कोरली, तिच्या तळाशी वाहणारा प्रवाह हाच. म्हणजे जळगावात चहाचं आधण ठेवणारा माणूस रोज अजिंठ्याचं पाणी उकळतो आणि अजिंठा पाहायला मात्र तिकीट काढून जातो. आमच्या भुसावळचं पाणी तापीचं. तापी मुलताईला उगम पावते, 724 किलोमीटर पश्चिमेकडे वाहते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. ती सूर्याची लेक, म्हणून आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस. 45 अंशांच्या पुढे गेलेल्या पाऱ्यात तिच्या काठी उभं राहिलं की हे नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कागद झाला की त्यातल्या एका तरी ठिकाणी पायी जा. आमच्याकडे चांगदेव सोयीचं आहे. तिथे पूर्णा तापीला मिळते, काठावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, आणि मुक्ताई याच परिसरात विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं वारकरी मानतात. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, पण पहिल्यांदा जाताना आडवारी जा. यात्रेत माणसं दिसतात, नदी दिसत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न विचारायचा, आणि तो टाळायचा नाही: या पाण्यावर कुणाला येऊ दिलं जात नव्हतं? समोरच्या बौद्ध आजोबांनी मला हे पहिल्यांदा विचारायला लावलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याची गोष्ट ते 14 एप्रिलला पाणपोईवर रांजण भरता भरता सांगत. खान्देशातल्या जुन्या माणसांना आपापल्या गावातली वेगळी विहीर आठवते. त्यांच्याकडे बसा, ऐका. नदीला माय म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिच्या काठावर कोण कुठे उभं राहायचं, हे ज्याला ठाऊक नाही त्याचं निसर्गप्रेम मला अर्धं वाटतं.

आता हातानं करायची कामं. चाचांकडून मी वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, पाणी मोजायला शिकलो. पैगंबरसाहेब एका मुद्दभर पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत, वजू करत अशी हदीस आहे. आणि वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, अशीही. करून पाहा. लहान तांब्याभर पाण्यात हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय, सगळं व्हायला हवं. पहिल्या दिवशी पाय कोरडे राहतात. आठवडाभरात धार बारीक होते आणि मग बेसिनचा नळ मोठा सोडलेला आपल्यालाच बघवत नाही. तुम्ही मुसलमान नसाल तर याला वजू म्हणू नका. वजूमागे नियत असते, ती तुमच्याकडे नाही. तुम्ही फक्त पाणी मोजायला शिकला आहात, तेवढंच सांगा.

जैनांची पद्धत याहून बारकाईची. पाणी दुपदरी कापडातून गाळतात हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना. गाळताना कापडावर जे जीव अडकतात, ते कापड उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचे आणि जिथून पाणी आणलं त्याच विहिरीत किंवा नदीत परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात सोडले तर ते मरतील. हा विचार सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. नळाच्या पाण्यावर हे करण्यात अर्थ नाही, पण शेततळ्याचं किंवा विहिरीचं पाणी भरत असाल तर एकदा करा. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या घरी घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी, आंबा ठेवतात. ती गेलेल्यांना पाणी म्हणून. ऐन वैशाखात, जेव्हा घोटभर पाण्याची किंमत सगळ्यात जास्त, तेव्हाच हा सण का येतो हे घागर भरणाऱ्या आजीला विचारा. ती जे सांगेल ते लिहून ठेवा, दुरुस्त करू नका.

चंद्र

हा माझा सगळ्यात आवडता भाग. रात्रपाळीच्या गार्डाला चंद्राइतका सोबती नाही.

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत रोज गच्चीवर जा. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी पश्चिमेला, सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ, केसासारखी कोर दिसते. हीच ती कोर, जिच्यासाठी रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चाचांचं अख्खं घर गच्चीवर चढायचं. दिसली तर उद्या ईद, नाही तर तीस रोजे पूर्ण करायचे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला पूर्वेकडून वर येतो. एवढं स्वतः पाहिलं की पंचांग उघडायचं.

मग गंमत सुरू होते. ईस्टर कधी, तर 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. बहुतेक वर्षी ती पौर्णिमा म्हणजे आपली हनुमान जयंती, कधी कधी होळी. त्याच चैत्री पौर्णिमेसाठी खान्देशातून हजारो माणसं भर उन्हात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली असतात. आमच्या ख्रिस्ती शेजारणीच्या उपासाचे चाळीस दिवस सरत आले की गडाच्या वाटेवर पताका दिसायला लागायच्या. पुढच्या पौर्णिमेला बुद्धजयंती. महाशिवरात्रीला चांगदेव भरतं, सातपुड्यात तोरणमाळ भरतं, आणि गुजरातच्या हद्दीतल्या देवमोगऱ्याला याहामोगी मातेसाठी नंदुरबारकडचे भिल्ल-पावरा लोक चालत जातात, नव्या धान्याची टोपली घेऊन.

मुसलमानांचं वर्ष निव्वळ चंद्राचं, म्हणून सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. चाचांनी मेमध्येही रोजे धरले आणि डिसेंबरातही. आपण तोच फरक धोंड्याचा महिना घालून भरून काढतो, म्हणून आपली दिवाळी थंडी सोडत नाही. एकाला प्रत्येक ऋतूत उपास करून पाहायचाय, दुसऱ्याला सण पिकाशी बांधून ठेवायचाय. मला दोन्ही पटतं. तुम्ही घ्यायचं काय? वर्षातून एक उपास ऋतू बदलत धरा. उन्हाळ्यातला निर्जळ काढलेला अर्धा दिवससुद्धा पाण्याबद्दल पुष्कळ शिकवतो. मात्र मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा उद्योग करू नका. आजारी माणसाला रोज्यातही सूट असते.

सूर्यासाठी एक काठी पुरते. अंगणात उभी रोवा, दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सावली सगळ्यात आखूड होऊन पुन्हा वाढू लागली की जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ सुरू. दुपारच्या सावलीत काठीच्या लांबीची भर पडली की असर, म्हणजे त्यानंतरचा नमाज. मुसलमानांतले हनफी पंथाचे लोक दुप्पट लांबी धरतात. खान्देशातल्या माणसाला इथे एक खास बक्षीस आहे: मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते की सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि काठीची सावली तिच्या पायातच गडप होते. जुलैमध्ये तसा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग कुठे पाहू देतात.

पावसाळ्यात थांबायचं की चालायचं

मृग निघाला, पहिला पाऊस झाला की मातीतून लाल मखमली किडे वर येतात. तेव्हापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे दोन उलट शिस्ती एकाच वेळी चालू असतात.

वारकरी चालतात. मुक्ताईची पालखी ज्येष्ठातच निघते आणि महिनाभराहून अधिक चालून पंढरपूर गाठते. त्याच वेळी जैन साधू-साध्वी चालणं थांबवतात. पावसात जमिनीवर इतके जीव असतात की पाऊल टाकलं की हिंसा, म्हणून चार महिने एकाच गावी मुक्काम. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने. त्याची सुरुवात तर लोकांच्या तक्रारीतून झाली: हे भिक्खू पावसात फिरतात, हिरवे कोंब तुडवतात, बारीक जीव मारतात. बुद्धांनी ती तक्रार मान्य केली आणि नियम केला. धर्माच्या माणसांनी साध्या लोकांचं ऐकलं, ही गोष्ट मला अजिंठ्याच्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठी वाटते.

तुम्ही दोन्ही करा. आषाढात एक दिवस तरी दिंडीबरोबर चाला, भिजा, कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी खा. श्रावण-भादव्यात थांबा. धबधबे पाहायला गाड्या काढून सातपुड्यात घुसू नका. मनुदेवीला दर्शनाला जाल तेवढं पुरे, तेही मळलेली वाट न सोडता. घराजवळ हातभर जमीन ठरवा, चारी कोपऱ्यांत काड्या रोवा आणि रोज दहा मिनिटं तेवढाच चौकोन पाहा. कोणतं गवत आधी आलं, कोणत्या पानाला कोणती अळी. नावं येत नसतील तर गुराख्याला दाखवा. मुलाबाळांना घेऊन बसा, पण उपटू देऊ नका. भिक्खूंना हिरवी वनस्पती तोडायला मनाई आहे, तेवढा एक नियम त्या चौकोनापुरता पाळा.

सातपुड्यातल्या पाड्यांवर नवं आलेलं आधी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. ही शिस्त सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. आज बाजारात भेंडी बाराही महिने मिळते, त्यामुळे नवं काय तेच कळत नाही. म्हणून एकच जिन्नस धरा. मी कर्टुली धरली आहेत. पहिली कर्टुली आली की आधी देवापुढे, मग ताटात. चर्चमध्येही हंगामाचं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवायची चाल आहे. शेजारणीनं एकदा परसातला भोपळा नेला होता, तो केवढा मिरवत नेला होता काय सांगू.

झाड

झाडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोक इथे आपोआपच येतात. एक झाड निवडा आणि ते कुणाकुणाचं आहे ते शोधा. पिंपळ बौद्धांचा बोधिवृक्ष, आपला मुंजाचा. मोह आदिवासींचा, फूल पोटाला आणि सणाला, म्हणून कुऱ्हाड लागत नाही. उंबर दत्ताचा. शिंदीच्या झावळ्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये. चाचा कब्रस्तानात कडुनिंब लावत. हातात रोप असताना कयामत आली तरी ते लावून टाका, ही हदीस त्यांना पाठ होती. लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी ते लावणाऱ्याच्या खात्यात दान म्हणून जमा होतं, हीसुद्धा. रोप तुम्हीही लावा, पण पाणी घालायला पोचता येईल अशाच जागी. जुलैत खड्डे, फोटो आणि मार्चमध्ये वाळलेल्या काड्या, हा प्रकार खान्देशात फार पाहिला. पिंपळाखाली जुने फोटो, फुटक्या मूर्ती आणून टाकू नका, आणि वडाला नायलॉनचा दोरा नको, सुती घ्या.

जिथे जुळत नाही तिथे

सगळे धर्म एकच सांगतात, असं कुणी म्हणालं की मी विषय बदलतो. जैन पाण्यातला जीव वाचवतो. बकरी ईदला चाचांच्या घरी कुर्बानी. सातपुड्यात वाघदेवाला कोंबडा. हे एक नाही. रूळ वेगळे आहेत ते वेगळेच राहू द्या, क्रॉसिंग कुठे आहे तेवढं माहीत असलं की पुरे. चाचांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, सुरी धारदार हवी, जनावराला ती दिसता कामा नये, एकाला दुसऱ्यासमोर कापायचं नाही, हा हुकूम आहे. मी मांस खात नाही, माझं मत बदललं नाही. पण डब्यातून काय आलं आणि ते जिवंत असताना कुणी पाहिलं होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून दुधाबद्दलही पडतो.

वाघदेवाकडून शिकायचं ते आणखी निराळं. लाकडावर कोरलेला वाघ, त्याला विनवणी की आमची गुरं सोड. इथे प्रेमाच्या आधी भीती आहे. शहरातल्या निसर्गप्रेमात भीती उरलेलीच नाही, म्हणून लोक सापाबरोबर सेल्फी काढतात. असिसीचा संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणाला हे सगळे सांगतात. त्याच स्तुतीत तो मरणालाही बहीण म्हणाला, ते कमी जण सांगतात.

पाड्यावरच्या कार्यक्रमाला जायचं असेल, काठी गावची होळी असो की वाघदेव, तर गावच्या कुणाच्या तरी बोलावण्यानं जा. काठीची होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर थांबायची तयारी ठेवा. अंगाला ठिपके रंगवून, मोरपिसांचा टोप घालून नाचणारे लोक व्रतात असतात, कॅमेरा खिशातच. पुजारा म्हणाला इथून पुढे नाही, तर पुढे नाही.

वही

गार्डाला प्रत्येक गाडीचा जर्नल लिहावा लागतो: कुठे थांबलो, किती वाजता, का. तीच सवय इथे लावा. तारीख, तिथी, वेळ, जागा, काय पाहिलं, कोणती शिस्त पाळली, ती कुणी सांगितली. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट तुम्ही मोबाइलवरून उचलली आहे असं समजा आणि सांगणारा माणूस शोधा. भुसावळ, धुळे, अमळनेर, कुठेही तो दोन गल्ल्यांच्या पलीकडे नसतो. जाताना रिकाम्या हाती जाऊ नका. केळी कुणाच्याही घरी चालतात. जैनांच्या घरी चातुर्मासात जात असाल तर सूर्यास्ताच्या आत जा, म्हणजे त्यांना तुमच्याबरोबर खाता येईल. चाचांकडे रमजानमध्ये दुपारी जाऊन चहाची वाट पाहू नका.

हे वाचताना उन्हाळा असेल तर काठी आणि लोट्यापासून सुरू करा, पावसाळा असेल तर हातभर चौकोनापासून. हिवाळा असेल तर सकाळी लवकर हतनूरच्या जलाशयावर जा. दूरदेशाहून आलेली बदकं तिथे उतरलेली असतात. दुर्बीण लगेच विकत घेऊ नका, कुणाची तरी उसनी मागा, आणि देणाऱ्यालाही बरोबर न्या.